होडी सुटत नाही

भीमा तांडेलांची होडी धक्क्यावरून सुटेना, आणि त्यापायी त्यांची सून भाविका घरात अडकली. आता होडी म्हणजे खरी होडी नव्हे हो. खरी बोट भाविकाचा नवरा जतीन घेऊन गेला होता, ती चांगली खोल दर्यात होती. ही होडी होती तळहाताएवढ्या पडद्यावरची, बटणं दाबून चालवायची. पोरासोरांचा खेळ! पण त्या खेळातली होडी धक्क्याला चिकटली आणि वाढवणच्या एका घरात जेमतेम मिळवलेलं एका बाईचं अर्ध्या दिवसाचं स्वातंत्र्यही तिथेच चिकटलं. हसू नका. ज्याचं अडतं त्यालाच कळतं.

भीमा तांडेल म्हणजे उभा जन्म बोट हाकलेला माणूस. खलाशांनी त्यांच्या नुसत्या खाकरण्यावरून जाळं ओढायला घ्यायचं, असा दरारा. तर हा माणूस पावसाळ्यानंतर बोट पाण्यात लोटताना फळीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि डॉक्टरने सांगितलं, पाय टेकायचा नाही. खाट खिडकीशी लावली. खिडकीतून खाडीचं तोंड दिसायचं, तेवढाच काय तो दर्या उरला.

मग सुरू झाल्या हाका. "भाविका! पाणी." "भाविका! ते कुत्रं बघ बोंबलांवर आलंय." "भाविका!" ती पिठाचे हात घेऊन धावत यायची आणि सासरे खिडकीकडे बघत म्हणायचे, "काही नाही." त्या 'काही नाही'ने तिच्या डोक्याच्या शिरा ताणल्या जायच्या. पाणी मागा, चहा मागा, शिव्या द्या, पण काही नाही काय? सासू असती तर वाटून घेतलं असतं. ती चार वर्षांपूर्वीच गेली. शेजारची धोंडीकाकी अधूनमधून डोकावायची, हवं नको बघायची, पण तांडेलांना हाक मारायला सूनच लागायची.

भाविकाने लग्नाआधी रक्त-लघवी तपासणीचा कोर्स केला होता. डहाणू रोडला स्टेशनच्या बाजूला एक लॅब होती, तिथल्या मॅडमनी तिला सकाळपुरतं बोलावलं होतं. सासरे पडल्यावर तिने दोनदा जाऊन पाहिलं. दोन्ही वेळा काय झालं, तर पेशंटच्या दंडाला पट्टा बांधलाय, सुई शिरेत आहे, आणि पदराशी फोन थरथरतोय. एकदा, दोनदा, दहादा. घरी पळत आली तर सासरे म्हणाले, "तू कुठे होतीस?" कुठे होतीस! सांगून गेली होती बिचारी.

दिवाळीत तांडेलांचा भाचा नयन आला. वापीला कंपनीत कामाला आहे आणि जुने व्हिडिओ गेम जमवायचं त्याला वेड आहे. त्याने मामाच्या हातात एक हातातला गेम ठेवला. त्यात घालायची कॅसेट मोठी गमतीची होती. तिच्या कडेला यूएसबीची खाच. वायर लावून कॉम्प्युटरवरून हवे ते गेम तिच्यात भरता येत. नयनने पाच-सहा भरून आणले होते. मारामारी, गाड्या, फुटबॉल. मामांनी सगळे ढकलून दिले आणि एक धरला. मासेमारीचा. कुठल्या परक्या मुलखात बनलेला, पण त्यात होडी होती, जाळं होतं, धक्का होता, आणि दिवसाप्रमाणे पाणी चढायचं-उतरायचं.

नयन जाताना सांगून गेला, "मामा, कॅसेटमधला घड्याळाचा सेल गेलाय. म्हणून चालू केलं की आधी दिवस विचारेल. आजचा दिवस भरायचा आणि हे बटण दाबायचं. बाकी महिना, वर्ष मागचंच धरून राहतं, ते हलवू नका." मामांनी मान डोलावली. तो पाडव्याचा दिवस होता.

आणि काय सांगू, घरात चमत्कार झाला! पाडव्यापासून हाका बंद. भाविकाने भीत भीत लॅबला जायला सुरुवात केली. सकाळी सासऱ्यांचं सगळं आवरायचं, उशाशी पाणी आणि फोन ठेवायचा, धोंडीकाकीला सांगायचं आणि रिक्षात बसायचं. दुपारी परत यावं तर तांडेल पडद्यावर डोळे लावून, ओठ हलवत, आपल्याच नादात. लॅबमध्ये काचेखाली रक्ताचा थेंब पसरून ती मायक्रोस्कोपवर वाकायची आणि तिला जाणवायचं, की आत्ता आपल्याला कुणी हाक मारत नाहीये. एवढ्याशा गोष्टीने तिचा ऊर भरून यायचा. पंधरवडाभर ती असं जगली.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये फोन थरथरला. "भाविका, होडी सुटत नाही."

"बंद करून परत चालू करा, बाबा."

"केलं. नाही सुटत. तू ये."

गेली. न जाऊन सांगते कुणाला? पडद्यावर धक्क्यावरचा दाढीवाला माणूस आडवा हात करून उभा होता आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणत होता. त्याचा अर्थ असा, की दिवस उलटे फिरले आहेत, समुद्र बंद आहे. आता ह्याचा काय अर्थ लावायचा? भाविकाला वाटलं, कॅसेट बिघडली. तिने ती काढली, पितळी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला, लॅबमधून आणलेल्या स्पिरिटने पुसली, फुंकर मारून परत बसवली. सासऱ्यांनी चालू केलं. दाढीवाला तसाच आडवा.

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातला जुना लॅपटॉप काढला आणि मोबाईलची वायर कॅसेटला लावली. लॅपटॉपला पत्ताच नाही! जणू काही लावलंच नाही. तिने दुसऱ्या खाचेत लावलं, लॅपटॉप बंद करून लावलं, नयनला फोन केला तर तो रात्रपाळी करून झोपलेला. इकडे खाटेवरून हाका पुन्हा सुरू. "भाविका! झालं का?" "भाविका! काही नाही." आणि त्यातच मॅडमचा फोन आला. मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांनाही लॅब चालवायची होती. म्हणाल्या, "भाविका, सोमवारपासून नेमाने येणार असशील तर ये. नाहीतर तलासरीची ती योगिता रोज विचारतेय, तिला घेते." भाविकाच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवार-रविवार, बस, एवढाच काय तो वेळ होता.

शनिवारी ती कॅसेट आणि गेम घेऊन डहाणू रोडला नितीनभाईच्या दुकानात गेली. मोबाईलपासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करतो असा नितीनभाईचा दावा. दुरुस्त होतं किती, ते सोडा. त्याने वायर बघितली आणि खो खो हसला. "बेन, ही नुसती चार्जिंगची वायर. हिच्यातून करंट जाईल, गेम नाही जाणार." त्याची वायर लावली तर लॅपटॉपला कॅसेट लगेच दिसली. भाविकाला इतकं बरं वाटलं, की ती स्टुलावर बसलीच. पण नितीनभाईचा पुढचा उपाय ऐकून उठली. "सगळं पुसून टाकू, नवं भरू. एकदम फ्रेश!"

"नको, नको! बाबांनी मोठी बोट मिळवलीय त्याच्यात. ती गेली तर घर डोक्यावर घेतील."

"मग आधी चालवून तर बघा."

भाविकाने चालू केलं. गेमने दिवस विचारला. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात बघून तिने वर्ष भरलं, नोव्हेंबर भरला, आठ तारीख भरली. दाढीवाल्याने हात खाली घेतला. होडी सुटली! चांगली डुलत डुलत धक्का सोडून निघाली.

"जोयुं? बघितलंत?" नितीनभाई म्हणाला. "मशीन बरोबर छे, बेन. चालवणारा बघा."

तो सहज बोलून गेला, पण ते वाक्य भाविकाच्या डोक्यात काट्यासारखं रुतलं. घरी येऊन तिने गेम सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी चालू केलं, बटणं दाबली आणि मान हलवली. "सुटत नाही." ती गेम घेऊन स्वयंपाकघरात गेली, तारीख भरली, होडी सुटली. सुटलेली होडी तिने तशीच आणून त्यांच्यापुढे धरली. तांडेलांनी काय करावं? बंद केली! "दुसऱ्याने लोटलेली बोट मी घेत नाही," म्हणाले, आणि परत पहिल्यापासून चालू केली. दाढीवाला आडवा. "बघ. नाही सुटत."

माझ्या हाती सुटते, ह्यांच्या हाती सुटत नाही. ह्याचा दुसरा अर्थ काय होतो? भाविकाने तोच लावला, आणि तुम्ही-आम्हीही तोच लावला असता. म्हातारा सोंग करतोय. पंधरा दिवस खेळाची नवलाई होती, ती संपली. आता सून घरात पाहिजे.

रविवारी सकाळी बोट किनाऱ्याजवळ आली असावी, कारण जतीनचा फोन लागला. बायकोचं सगळं ऐकून तो म्हणाला, "राहू दे ना आता ती लॅब. बाबा एकदा उभे राहू देत, मग बघू." त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती, आणि त्यानेच ती जास्त खचली. ते 'मग' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्न होऊ दे मग, दिवाळी जाऊ दे मग, आई आजारी आहे, मग. त्या 'मग'ला कधी पाय फुटल्याचं तिने पाहिलं नव्हतं. बाहेर गल्लीतून बायका नव्या बंदराच्या विरोधातल्या सभेला निघाल्या होत्या, कुणीतरी तिलाही हाक मारली. "येत नाही गं, बाबा आहेत," ती म्हणाली. गेले दोन महिने ती हेच एक वाक्य म्हणत आली होती. आता जन्मभर म्हणायचं, असं तिला वाटलं.

"भाविका!" आतून हाक आली.

ती आत गेली. "काय?"

"काही नाही."

झालं! बांध फुटला. "काही नाही तर बोलावता कशाला? बाबा, मला सगळं कळतं. तो गेम बिघडलेला नाही. माझ्या हातात चालतो, दुकानात चालतो, फक्त तुमच्या हातात चालत नाही! तुम्हाला मी घरात बांधून हवी आहे, सरळ सांगा ना. उद्या ती नोकरी गेली की होईल तुमच्या मनासारखं!" लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून सासऱ्यांपुढे तिचा आवाज एवढा कधी चढला नव्हता.

तांडेलांनी खिडकीकडची नजर काढून तिच्याकडे वळवली. ज्या माणसाच्या खाकरण्याने खलाशी उठायचे, तो आता ओरडणार म्हणून तिने अंग चोरलं.

"हो," ते म्हणाले. "हवी आहेस घरात. तू गेलीस की हे घर माझ्या छातीवर बसतं. कुशीवर वळता येत नाही मला, पोरी. आग लागली तर जळून जाईन. हाक मारतो ती एवढ्यासाठीच, की ओ येते का बघावं." मग त्यांनी गेम उचलला. "पण सोंग नाही केलं. दर्याची आण. माझ्यासमोर बस आणि बघ, मी काय करतो ते."

भाविका खाटेच्या कडेला टेकली. राग उतरला नव्हता. तांडेलांनी बटण दाबलं. गेमने दिवस विचारला. त्यांनी खिडकीतून खाडीच्या पाण्याकडे एक नजर टाकली आणि आकडा भरला. पाच.

"बाबा, पाच कशाला? आज नऊ तारीख आहे."

"तारीख?" तांडेल चिडले. "तारखेने कधी पाणी भरतं का? आज पंचमी. वद्य पंचमी. दिवस विचारला, दिवस भरला."

भाविकाने बोटं मोजली. "म्हणजे काल चार भरलेत?"

"काल संकष्टी होती, तृतीया-चतुर्थी एकाच दिवशी आली. मग काय आठ भरू?"

"आणि पाडव्याला एक, आणि पौर्णिमेला पंधरा. आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी…"

"एक. प्रतिपदेला एकच असतो."

भाविकाने कपाळावर हात मारून घेतला. हसावं की रडावं तिला कळेना, ती दोन्ही करायला लागली. पंधरा झाल्यावर पुन्हा एक! त्या परमुलखातल्या दाढीवाल्याला काय माहीत शुद्ध आणि वद्य? त्याला वाटलं, दिवस मागे गेला, म्हणून बिचारा हात आडवा करून उभा. "दिवस उलटे फिरले आहेत" असं तो पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता, आणि ही खोडरबर घासत बसली होती. आणि सासऱ्यांना आपण काय काय बोललो! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही तारीख भरा. नऊ भरा, लगेच सुटेल."

त्यांनी नऊ भरले. होडी सुटली. भाविकाने सुटकेचा श्वास टाकला, पण तो अर्ध्यावरच अडला, कारण तांडेलांनी चार हात होडी नेली आणि गेम छातीवर उपडा ठेवला.

"काय झालं?"

"पाणी खोटं आहे. हे नवमीचं पाणी, भांगाचं, मेलेलं. बाहेर बघ, पंचमीचं पाणी अजून जोरात आहे." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "इतके दिवस ह्याच्यातलं पाणी आणि खाडीतलं पाणी बरोबर चढत होतं, बरोबर उतरत होतं. मला कळायचं, जतीनने आत्ता जाळं टाकलं असेल, आत्ता ओढलं असेल. मी त्याच्याबरोबर होतो. आता हा नुसता खेळ. खेळ घेऊन मी काय करू? मी काय पोर आहे?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, जे होतं ते ते सांगत होते. भाविका पुन्हा कोंडली गेली. तिथी भरावी तर होडी सुटत नाही. तारीख भरावी तर म्हाताऱ्याचं मन लागत नाही. मन नाही लागलं की हाका, हाका सुरू झाल्या की लॅब गेली. ती उठून खिडकीशी गेली आणि गजांना धरून उभी राहिली. उद्या सोमवार. योगिता डबा घेऊन तलासरीहून निघेल, भाविकाच्या खुर्चीवर बसेल. जाऊ दे, असं म्हणावं आणि मोकळं व्हावं, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण जाऊ दे म्हणवेना. त्या पंधरा दिवसांची चव जिभेवर होती.

पंधरा दिवस. ती वळली. "बाबा, पौर्णिमेचं पाणी आणि अमावस्येचं पाणी, दोन्ही उधाणाचं ना?"

"मग? हे काय विचारणं झालं?"

"आणि ह्या गेममध्ये पंधरानंतर काय होतं, पाणी उतरतं का परत?"

"ते कुठे बघितलं मी? पंधराच्या पुढे गेलोच नाही."

तिने गेम त्यांच्या छातीवरून उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "प्रतिपदेला एक नका भरू. पौर्णिमेचे पंधरा झाले, त्याच्या पुढे मोजत चला. प्रतिपदेला सोळा. पंचमीला वीस. वीस भरा, बाबा."

तांडेलांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग वीस भरले. दाढीवाल्याने हात खाली घेतला, होडी निघाली. तांडेल पुढे वाकले, खिडकीतून खाडी बघितली, परत पडदा बघितला. असं त्यांनी तीनदा केलं. "पंचमीचं आहे," ते हळूच म्हणाले. "बरोब्बर पंचमीचं." आणि मग जाळं कुठे टाकावं ह्या विचारात ते असे बुडाले, की सून शेजारी उभी राहून रडतेय हे त्यांना कळलंच नाही.

सोमवारी ती लॅबला गेली. जाताना सासऱ्यांनी वर पाहिलं नाही, आणि "ये" असंही म्हणाले नाहीत. ते "छातीवर बसतं" तिच्या कानातून जात नव्हतं, रिक्षातही नाही आणि लॅबची पायरी चढतानाही नाही. आपण एका माणसाला कोंडून आपली सुटका करून घेतली की काय, हा विचार तिला पोखरत होता. तरी ती गेली. पहिला पेशंट, दुसरा पेशंट, फोन गप्प. तिसऱ्याच्या दंडाला तिने पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली, आणि फोन थरथरायला लागला. काचेपलीकडून मॅडमनी मान वर केली. भाविकाने रक्त पूर्ण घेतलं, कापूस दाबला, पेशंटला हात दुमडायला सांगितला आणि मग फोन कानाला लावला.

"बाबा? नाही सुटली का?"

"सुटली की. कधीच सुटली. जाळं टाकून बसलोय," तांडेल म्हणाले. "एक विचारायचं होतं. अमावस्येला तीस भरायचे, बरोबर?"

"बरोबर."

"मग त्याच्या दुसऱ्या दिवशी? एकतीस?"

"नाही, बाबा. तेव्हा महिना पुढचा घ्यायचा आणि परत एकपासून."

"पुढचा महिना." तांडेल म्हणाले. "म्हणजे पुढच्या महिन्यातही तू जाणार."

भाविकाला वाटलं, आता बघू म्हणावं, जतीन आला की ठरवू म्हणावं. ते 'मग' तिच्या स्वतःच्याच ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

"हो, बाबा. जाणार."

पलीकडे बटणांचा टक टक आवाज झाला.

"मग एक भरीन," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.